हायब्रिड ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह नेमके करतो काय?

देवगडच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि मध्यम आकाराचे दोन स्पीकर आहेत. वडिलांच्या वेळच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचेच्या नळ्यांच्या, रेडिओचा गोडवा कानांत राहिला असल्यामुळे त्यांनी ६जे१ जातीच्या दोन व्हॉल्व्हचा छोटा प्रीॲम्प, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी लावायचा वर्धक, मागवला आणि मध्ये जोडला. व्हॉल्व्ह छान उजळतात, परंतु आवाजात बारीकशा गुणगुणीखेरीज काही भर पडलेली नाही. आता पूर्ण हायब्रिड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेला ॲम्प्लिफायर विकत घ्यावा, स्वतः बांधावा की हा नाद सोडून द्यावा, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात असले यंत्र टिकेल का, हे त्यांना हवे आहे.

रत्नागिरीत तीसहून अधिक वर्षे मी दुरुस्तीचे आणि बांधणीचे काम करतो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे, की हायब्रिडमध्ये व्हॉल्व्ह आहे की नाही यापेक्षा त्या व्हॉल्व्हला किती काम दिले आहे हे पाहावे. गुरुजी, आपल्या प्रीॲम्पमध्ये त्याला जवळजवळ काहीच काम नाही, म्हणून तो काही बोलत नाही.

आधी त्या जुन्या रेडिओविषयी. त्याचा गोडवा खरा होता, पण त्याचे सगळे श्रेय व्हॉल्व्हला देता येत नाही. मध्यम लहरींवरच्या प्रक्षेपणात आणि त्या रेडिओच्या घडणीत सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही उरतच नसे, त्यामुळे कर्कश भाग आपोआप गाळला जाई. मोठ्या कागदी कोनाचा स्पीकर, मागून उघडी लाकडी पेटी आणि शेवटी एकच आउटपुट व्हॉल्व्ह व त्याचा लहानसा ट्रान्सफॉर्मर, अशी ती सगळी मिळून झालेली भट्टी होती. त्यातला एक व्हॉल्व्ह उचलून आजच्या ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ठेवला म्हणजे तो आवाज परत येईल, ही अपेक्षा सोडलेली बरी.

तरीही व्हॉल्व्हचा स्वतःचा असा एक स्वभाव आहे. एकेरी ट्रायोडच्या (तीन विद्युताग्रांच्या साध्या व्हॉल्व्हच्या) टप्प्यातून स्वर मोठा होतो तेव्हा त्याच्यात मूळ कंपनसंख्येच्या दुपटीचा स्वर मिसळतो. यालाच दुसरे हार्मोनिक म्हणतात. तंबोरा जुळवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. षड्जाची तार छेडली की तिच्यातच तार षड्ज असतो, त्यावर पंचम असतो, पाचव्या हार्मोनिकला गंधार असतो आणि खरजाच्या तारेवर जवारी नीट लागली असेल तर तो गंधार स्पष्ट ऐकू येतो. सातवे हार्मोनिक मात्र आपल्या कोमल निषादाच्याही थोडे खाली पडते आणि तिथून वरचे विषम हार्मोनिक कानाला टोचू लागतात. ट्रायोडची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे त्याच स्वराच्या वरच्या सप्तकातली असल्यामुळे ती दोष म्हणून न जाणवता स्वर भरल्यासारखी वाटते.

पण हे दुसरे हार्मोनिक स्थिर प्रमाणात नसते. व्हॉल्व्हमधून जाणारे व्होल्टेज निम्मे केले की त्याचे शेकडा प्रमाणही निम्मे होते, आणि तिसऱ्याचे तर एक चतुर्थांश होते. हिशेब करून पाहू. ८ ओहमच्या स्पीकरवर ५० वॅट हवे असतील तर तिथे २० व्होल्ट लागतात. हे २० व्होल्ट व्हॉल्व्हनेच निर्माण केले आणि पुढच्या ट्रान्झिस्टरांनी फक्त विद्युतप्रवाह पुरवला, अशी रचना असेल आणि त्या पातळीला विकृती समजा ०.७ टक्के असेल, तर घरात नेहमीच्या १ वॅटला, म्हणजे २.८३ व्होल्टला, ती ०.१ टक्का उरते. आता आपल्या प्रीॲम्पकडे पाहा. तुमचा ॲम्प्लिफायर घरगुती आवाजाला जे अर्धा व्होल्टभर मागतो, तेवढेच त्या व्हॉल्व्हमधून जाते. नीट चालवलेला ट्रायोड अर्ध्या व्होल्टला इतका सरळ वागतो की त्याची सही उमटतच नाही.

शिवाय तो नीट चालवलेलाही नाही. ६जे१ हा मुळात उच्च कंपनसंख्येसाठी घडवलेला पेंटोड (पाच विद्युताग्रांचा व्हॉल्व्ह) आहे आणि त्याच्या प्लेटला, म्हणजे प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्याला, साधारण १२० व्होल्ट द्यावेत अशी त्याची माहितीपत्रिका सांगते. अशा स्वस्त प्रीॲम्पमध्ये १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवरून त्याला जेमतेम २५ ते ३० व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह उपाशी ठेवला की तो थोडा वाकडा वागतो, पण ते वाकडेपण गोड नसते. ग्रिडमधून, म्हणजे सिग्नल जिला दिला जातो त्या जाळीतून, प्रवाह वाहू लागतो आणि वरची हार्मोनिक डोकावतात. आणि आपल्याला जो नारिंगी उजेड आवडला आहे, तो बहुतेक व्हॉल्व्हच्या बुडाशी बसवलेल्या एलईडीचा असावा. ६जे१ चा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, फक्त १७५ मिलिअँपिअर घेतो आणि अंधाऱ्या खोलीतच नीट दिसतो. गुणगुणीचे कारणही याच ॲडॅप्टरमध्ये सापडते, कारण हीटरला थेट एसी दिलेला असतो.

कमी व्होल्टेजवर व्हॉल्व्ह चालूच शकत नाही, असे मात्र नाही. १९५० च्या दशकात मोटारींच्या रेडिओसाठी प्लेटला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट घेणारे खास व्हॉल्व्ह निघाले होते आणि त्यांच्या शेवटी आवाज काढायला जर्मेनियमचा एक पॉवर ट्रान्झिस्टर असे. आपल्या आजच्या हायब्रिडचे पूर्वज तेच. २०१५ साली कॉर्ग आणि नोरिटाके या जपानी कंपन्यांनी फ्लोरोसंट डिस्प्लेच्या तंत्राने बनवलेला न्यूट्यूब आणला, तोही कमी व्होल्टेजसाठीच घडवलेला आहे. जो व्हॉल्व्ह १२० व्होल्टसाठी जन्मला त्याला ३० वर राबवणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेकांची गल्लत होते तो पाहू. संपूर्ण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा म्हणून जो आवाज ओळखला जातो, त्यातला मोठा वाटा हार्मोनिकचा नसून आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाचा, असतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा सरासरीचा. एखाद्या स्पीकरचा इम्पिडन्स काही स्वरांना ६ ओहम, तर खर्जातल्या अनुनादाशी ३० ओहम असू शकतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पिडन्स २ ओहम असेल, जो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आणि फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत इनपुटला देणे) नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये सहज असतो, तर या दोन ठिकाणच्या आवाजात जवळजवळ २ डेसिबलचा फरक पडतो. खर्ज फुगतो, मधला भाग किंचित मागे सरतो आणि ऐकणारा म्हणतो, काय ऊब आहे! हायब्रिडमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, शेवटी मॉस्फेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात आणि इम्पिडन्स ०.१ ओहमच्या घरात येतो. तोच फरक मग ०.१ डेसिबलच्या आसपास उरतो. म्हणजे हायब्रिडमध्ये खर्ज घट्ट आणि ताब्यात राहतो, जे मला स्वतःला आवडते, परंतु ज्याला ती जुनी ऊब हवी आहे त्याला तो कोरडा वाटण्याची शक्यता आहे.

म्हणून फारसा खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. आपल्या आहे त्याच ॲम्प्लिफायरच्या प्रत्येक चॅनेलवर, स्पीकरच्या तारेत मालिकेत १.५ किंवा २ ओहमचा १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घाला. आवाज किंचित वाढवून घ्या आणि आपल्या आवडीची ध्वनिमुद्रणे आठवडाभर ऐका. रेझिस्टर तापतो, त्याला पडद्यापासून आणि कागदांपासून लांब ठेवा. आपण शोधत होता ते यातच सापडले, तर हायब्रिड घेऊन आपली निराशा होईल. माझ्याकडे आलेल्या कित्येकांना या वीस-तीस रुपयांच्या रेझिस्टरने गप्प केले आहे. काहींना त्याचा रागही आला.

या प्रयोगानंतरही स्वरांचा भरीवपणा हवाच असेल, तर हायब्रिड बांधणे योग्य ठरेल, आणि मग व्हॉल्व्हला पूर्ण काम द्यावे. माझी पसंती ईसीसी८८ ला आहे. टीव्हीच्या ट्यूनरसाठी निर्माण झालेला हा दुहेरी ट्रायोड ३३ पट वाढ देतो, त्याचा अंतर्गत रोध जेमतेम २.६ किलोओहम आहे आणि कमी प्लेट व्होल्टेजवर तो खुशीत चालतो. प्लेटला ९० व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर ठेवायचे, २४० व्होल्टचा पुरवठा घ्यायचा आणि मध्ये १५ किलोओहमचा रेझिस्टर टाकायचा. या रेझिस्टरमध्ये दीड वॅट उष्णता होते, म्हणून तो ५ वॅटचा घ्यावा. कॅथोडला बायपास कपॅसिटर दिला तर टप्प्याची वाढ सुमारे २७ पट येते, म्हणजे पाऊण व्होल्टच्या इनपुटला ते २० व्होल्ट मिळतात. यापुढे मॉस्फेटची सोर्स फॉलोअर जोडी, जिची स्वतःची व्होल्टेज वाढ एकपटही नसते. एकूण फीडबॅक देऊ नये, निदान पहिल्यांदा देऊ नये. मोठा फीडबॅक व्हॉल्व्हभोवती फिरवला की तो आधी व्हॉल्व्हचीच सही पुसतो, आणि मग व्हॉल्व्ह फक्त काचेतून उजळायला उरतो. बाजारातल्या कित्येक हायब्रिडांमध्ये नेमके हेच असते. विकत घेणार असाल तर व्हॉल्व्ह कुठल्या टप्प्यात आहे आणि फीडबॅक व्हॉल्व्हला वेढून घेतला आहे की वगळून, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारा. उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नका.

हा भरीवपणा फुकट मिळत नाही. एकटा गळा, पेटी आणि तबला असेल तेव्हा दुसरे हार्मोनिक सुरेख बसते. पण डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याचे, ध्वनिमुद्रण लावा. दहा-बारा गळे, पखवाज आणि झांजा एकाच वेळी आल्या की तोच वक्र टप्पा सगळ्या स्वरांच्या बेरजा आणि वजाबाक्या तयार करतो, ज्या कुठल्याही सुरात बसत नाहीत, आणि शब्द एकमेकांत मिसळू लागतात. अशा संगीतासाठी मी स्वतः फीडबॅकचाच ॲम्प्लिफायर लावतो.

हायब्रिडचा एक धोका नुसत्या व्हॉल्व्हच्या किंवा नुसत्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रात इतका नसतो. चालू करताक्षणी व्हॉल्व्ह थंड असतो, प्लेट पूर्ण २४० व्होल्टवर जाते आणि हीटर तापल्यावर खाली ९० वर उतरते. हा दीडशे व्होल्टचा झोका कपलिंग कपॅसिटरमधून थेट मॉस्फेटच्या गेटवर येतो, ज्याची सोर्सच्या तुलनेत सहनशक्ती सामान्यतः २० व्होल्ट असते. माझ्या पहिल्या हायब्रिडमध्ये मी ही गोष्ट विसरलो होतो. दोन मॉस्फेट आणि त्यांच्यामागोमाग एका स्पीकरची कॉइल एकाच संध्याकाळी गेली. गेट आणि सोर्स यांच्यात १२ व्होल्टचे झेनर उलटसुलट जोडून घ्या आणि स्पीकरला किमान ४५ सेकंद उशिरा जोडणारा रिले बसवा. आउटपुटवर डीसी दिसला तर तोडणारे संरक्षणही त्याच रिलेवर घेता येते.

उच्च व्होल्टेजसाठी खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेण्याची गरज नाही. २३० चे १२ करणारा एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या १२ व्होल्टांवर उलटा जोडलेला दुसरा घेतला, तर मेनपासून वेगळे झालेले सुमारे २०० व्होल्ट एसी मिळतात आणि रेक्टिफायरनंतर २८० च्या आसपास डीसी होतो, तो गाळून २४० वर आणता येतो. हीटरसाठी वेगळा डीसी एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीवरून द्यावा. ईसीसी८८ चा हीटर ६.३ व्होल्टला ३६५ मिलिअँपिअर घेतो, दोन व्हॉल्व्हना मिळून पाऊण अँपिअर लागतो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून ५० व्होल्टांच्या खाली यायला पाऊण मिनिट घेतो, तेवढे थांबा, मीटर लावून खात्री करा आणि मगच हात घाला, तोही एकच. २८० व्होल्टचा डीसी हात झटकू देत नाही.

प्रीॲम्पमध्येच रस असेल, तर एवढे लक्षात असू द्या की १२एएक्स७, म्हणजे ईसीसी८३, हा नावाजलेला व्हॉल्व्ह तारा चालवायला कमकुवत आहे. १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरसह त्याचा आउटपुट इम्पिडन्स ३८ किलोओहम येतो. तीन मीटर शिल्डेड वायर, मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ३०० पिकोफॅरड, एवढ्यावर १४ किलोहर्ट्झलाच आवाज ३ डेसिबल खाली येतो. पुढच्या ॲम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहम असेल तर वाढीचा मोठा भाग निघून जातो. या चुकांना पुष्कळ लोक व्हॉल्व्हचा मुलायमपणा म्हणतात. प्लेटनंतर एक मॉस्फेट फॉलोअर बसवला की हे दोन्ही दोष जातात. हायब्रिड या कल्पनेचा सर्वांत प्रामाणिक उपयोग मला हाच वाटतो.

व्हॉल्व्ह बदलून पाहण्याची हौस सगळ्यांना होते, ती जपून करावी. १२एएक्स७ आणि १२एयू७ एकाच खोबणीत बसतात, ईसीसी८८ ही बसतो, परंतु त्याच्या चौथ्या आणि पाचव्या पायांवर १२.६ व्होल्ट आले तर हीटर जळतो. रशियन ६एन१पी ईसीसी८८ च्या जागी चालतो असे सांगितले जाते, पण त्याला ६०० मिलिअँपिअर लागतात. हीटरचा पुरवठा तेवढा नसेल तर तो गरम होऊन बसतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईसीसी८३ जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या डब्यांत अजून कधीमधी मिळतात आणि माझ्या टेस्टरवर त्यातले बरेचसे आजही ठणठणीत निघाले आहेत.

आता आपल्या किनाऱ्याचा प्रश्न. खारी हवा व्हॉल्व्हच्या काचेला काही करत नाही. ती खोबणी, व्हॉल्यूम कंट्रोल आणि सोल्डरच्या भोवती राहिलेला फ्लक्स यांना खाते. २४० व्होल्टची पट्टी आणि ग्रिडची पट्टी प्रिंटेड बोर्डावर शेजारी असतील, वर फ्लक्सचा थर असेल आणि आषाढातली दमट हवा असेल, तर त्या थरातून सूक्ष्म प्रवाह गळतो आणि ग्रिडचे बायस (तिला ठरवून दिलेले स्थिर व्होल्टेज) हलते. मालवणच्या किनाऱ्याजवळून आलेल्या एका यंत्रात उन्हाळ्यात काही दोष नसे आणि पावसाळ्यात कडकड आवाज येई, त्याचे कारण एवढेच निघाले. जोडणी झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा, कोरडा करा आणि वार्निशचा हात द्या. खोबण्या चिनी मातीच्या घ्या. ग्रिडच्या जोडण्या बोर्डावर न करता हवेत, टर्मिनलवर केल्या तर त्याहून चांगले.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी. हीटरला व्होल्टेज साधारण १० टक्क्यांच्या आत हवे. आपल्याकडे सायंकाळी ते किती घसरते हे आपण मीटर लावून पाहिलेच असेल, म्हणून हीटरचा डीसी रेग्युलेटेड असणे इथे चैन नसून गरज आहे. दुसरे, घरातला इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि ती भुणभुण स्पीकरमध्येही उतरते. कुठल्याही शिल्डिंगने ती पूर्ण जात नाही. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर घ्यावा किंवा वीज येईपर्यंत थांबावे. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरात अर्थिंग बहुधा नावालाच असते, विशेषतः मे महिन्यात, आणि व्हॉल्व्हचे धातूचे चॅसिस अर्थ केल्याशिवाय चालवू नये, म्हणून आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवायचा. स्विच बंद करणे पुरेसे नाही.

रोज तासभर चालणारे व्हॉल्व्हचे यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. कपाटात चार महिने ठेवलेले यंत्र मात्र गणपतीच्या दिवशी एकदम मेनवर लावू नका. १०० वॅटचा साधा बल्ब मालिकेत घातलेला सिरीज बोर्ड कुठल्याही जुन्या मेकॅनिककडे मिळेल. त्यावर चालू करा. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर अर्ध्या तासाने यंत्र थेट मेनवर घ्या, आणि उजळलेलाच राहिला तर बंद करून फिल्टर कपॅसिटर तपासा.